तपासणीचं पोलकं

चार वर्षं आम्ही एकच पोलकं शिवत होतो. गुलाबी पॉपलिनचं, एक बाही लावलेली, दुसरी नुसती टाचलेली. साहेबांची जीप वळणावर दिसली की ते पत्र्याच्या पेटीतून बाहेर निघायचं. साहेब बघून गेले की टाके उसवून पुन्हा पेटीत. बायका त्याला तपासणीचं पोलकं म्हणायच्या. आज त्याची आठवण निघाली तरी माझं टाळकं सटकतं. घरचे म्हणतात, झालं गेलं सोडून दे. सोडून द्यायला ते माझं एकटीचं नव्हतं.

जिच्यासाठी हे लिहितेय तिचं नाव मी लिहीत नाही. तिचं नाव सरकारी याद्यांत तीन वेळा लिहून झालं, त्याचा तिला काय उपयोग झाला ते पुढे येईलच. चौथ्यांदा मी लिहिणार नाही. ती डाव्या हाताने कापड कापायची म्हणून पाड्यावर सगळे तिला डावरी म्हणत. मीही तेच म्हणते.

मी नाशिकची. आमची वसाहत तेव्हा शहराच्या अगदी कडेला होती, पलीकडे पेरूच्या बागा सुरू व्हायच्या. वडील कारखान्यात, आई घरी हातमशीनवर शिवायची. ते मशीन तिने भद्रकालीच्या जुन्या बाजारातून आणलं होतं. त्याची फिरवायची मूठ तुटकी होती. वडिलांनी बाभळीचा तुकडा तासून नवी मूठ बसवली, ती आईच्या हाताने घासून घासून काळी गुळगुळीत झाली. चौदा एप्रिलच्या जयंतीच्या आधी पंधरा दिवस आईला मान वर करायला फुरसत नसे. साऱ्या वसाहतीची पोलकी, झबली, पोरांचे सदरे आमच्या घरात. अक्षरं गिरवायच्या आधी मी काजं करायला शिकले. पुढे शिवणाची परीक्षा दिली आणि सत्तरचं दशक सरता सरता हातात सरकारी हुकूम पडला: शिवण शिक्षिका, पेठच्या बाजूच्या एका पाड्यावर.

एसटीने सावळघाट ओलांडून जायचं, फाट्यावर उतरायचं आणि पुढे पाऊण तास चालायचं. पाडा पंचवीस-तीस घरांचा. कुडाच्या भिंती, उतारावर नागली आणि वरई, खाली ओहोळाशी थोडा भात. मला राहायला शाळेमागची खोली मिळाली. वर्ग समाजमंदिरात भरायचा. पहिल्या दिवशी मी तिथे गेले तर भिंतीशी तीन पाट्या टेकवून ठेवलेल्या. एक हिरवी, एक निळी, एक पिवळी. तिन्हींवर लिहिलेलं साधारण तेच: महिला शिवण प्रशिक्षण केंद्र. फक्त खाली खात्याचं नाव वेगळं.

मला वाटलं, जुन्या पाट्या असतील. तालुक्याला विस्तार अधिकारी होते, ते पहिल्यांदा आले तेव्हा मी विचारलं, "साहेब, यातली आपली कुठली?"

"तिन्ही आपल्याच," ते म्हणाले. "हिरव्या खात्याच्या तुम्ही. निळ्या आणि पिवळ्या केंद्राच्या बाईंची पदं रिकामी आहेत, त्यांचा अतिरिक्त कार्यभार तुमच्याकडे. जीप कुठल्या खात्याची येते ते बघायचं आणि ती पाटी लावायची."

"आणि शिकणाऱ्या बायका?"

"त्याच. पाड्यावर दुसऱ्या बायका कुठून आणणार?"

हे त्यांनी इतक्या सरळपणे सांगितलं की मला वाटलं, सरकारी काम असंच असतं आणि मला नवखीला ते कळत नाही. माझ्या मूर्खपणाचा मला अजून राग येतो. एकाच पाड्यावर, त्याच अकरा बायकांना, तेच शिवणकाम तीन खाती शिकवत होती. या खात्याला त्या खात्याचं ठाऊक नव्हतं असं मी वर्षभर समजत होते. तेही खरं नव्हतं. सगळ्यांना सगळं ठाऊक होतं. प्रत्येकाला आपल्या अहवालात एक केंद्र हवं होतं आणि बसमधून उतरून पाऊण तास चालणारी बाई एकच मिळाली होती.

बरं, तीन खाती म्हणजे तिप्पट सामान असेल? नाव नको. कापड आलं ते एकदाच, तेही एका पोलक्यापुरतं. मशिनी चार, त्या तालुक्याच्या कोठीत असायच्या आणि तपासणीच्या आदल्या दिवशी जीपमधून यायच्या. तपासणी झाली की पुढच्या पाड्यावर. मधल्या काळात मी बायकांना जुन्या वर्तमानपत्रावर बेतायला शिकवायचे आणि हाताने टाके घालायला लावायचे.

पहिल्या तपासणीला आम्ही ते गुलाबी पोलकं पूर्ण करून ठेवलं होतं. बायकांना केवढा अभिमान! साहेबांनी ते उलटंपालटं करून पाहिलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "हे तर झालेलं आहे. चालू काम कुठंय? मला केंद्र चालू आहे असं लिहायचंय." नवीन कापड मागितलं तर मागणीपत्र पाठवा म्हणाले. मागणीपत्रं मी किती पाठवली त्याला गणती नाही. पुढच्या तपासणीला एका बाईनेच तोड काढली. एक बाही उसवली, बाकीचं टाचलं आणि मशीनखाली सरकवलं. साहेब खूश. तेव्हापासून ते पोलकं कधी पूर्ण झालं नाही. शिवायचं आणि उसवायचं, हेच आमचं प्रशिक्षण. पूर्ण झालेलं काम या लोकांच्या काही कामाचं नव्हतं.

डावरी या अकराजणींतली सगळ्यात हुशार. नवरा टाकून गेलेला, भावाच्या अंगणात कुडाची एक खोली, पदरात सात-आठ वर्षांची मुलगी. दिवाळी झाली की पाड्यावरची अर्धी माणसं घाट चढून दिंडोरी-पिंपळगावकडे द्राक्षाच्या बागांत मजुरीला जायची, ती होळीनंतर परतायची. डावरी मुलीला घेऊन जायची. मुलीची शाळा दर वर्षी दिवाळीला तुटायची. तीन वर्षं ती पोरगी पहिलीतच बसत होती.

"बाई, माना घरी मशीन आली का मी घाटावर नाय जायची," डावरी मला म्हणायची. "बाजारात झबली इकीन. पोरगी शाळेत बसंल."

तिचं म्हणणं हवेतलं नव्हतं. हातमशीनवर उजवा हात नुसता मूठ फिरवतो, कापड सांभाळायचं ते डाव्या हाताने. तिथे उजव्या हाताची माणसं चाचपडतात. डावरी पहिल्याच दिवशी सरळ शिवण घालून मोकळी झाली होती. तिला हवं होतं फक्त एक मशीन, आणि तिन्ही योजनांत प्रशिक्षण झालेल्या गरजू बाईला मशीन देण्याची तरतूद होती. तिन्ही याद्यांत तिचं नाव पहिलं होतं.

आणि तिला मशीन दिलंही. तीनदा दिलं. जीप यायची, डावरीला मशीनशेजारी बसवून फोटो काढायचे, अंगठा घ्यायचे, आणि मशीनवर नंबर टाकायचाय म्हणून ते परत घेऊन जायचे. तिसऱ्या वेळी तिने मशीनवरून हात फिरवला आणि हसत मला दाखवलं. काळ्या अंगावरचं सोनेरी फूल अर्धं खरवडलेलं होतं.

"बाई, हीच ती मागच्या साली आली व्हती. हिला घाट पाठ झाला."

बायका खदखदून हसल्या. मला हसू आलं नाही. मी विस्तार अधिकाऱ्यांना तिथेच विचारलं, हिचं मशीन परत कधी येणार? ते म्हणाले, "बाई, तुम्ही शिकवा. वाटपाचं आमच्याकडे." नंतर मी लेखी विचारलं. हिरव्या खात्याने कळवलं की या बाईला निळ्या योजनेतून लाभ मिळालेला आहे. निळ्याने पिवळ्याकडे बोट दाखवलं. पिवळ्याने हिरव्याकडे. तीन पत्रं मी जमिनीवर पसरून बसले आणि संतापाने मला रडू फुटलं.

त्या दिवाळीच्या आधी मी घरी गेले आणि आईला सगळं सांगितलं. आईचे डोळे तोवर अधू झाले होते, सुई ओवायला ती शेजारच्या पोरींना हाका मारायची. तिने ऐकून घेतलं, उठली, मशीनला तेल घातलं, फडक्याने पुसलं आणि म्हणाली, "घेऊन जा. माझ्याकडे नुसतं बसून गंजेल."

गोधडीत बांधून एसटीच्या टपावर चढवलं. फाट्यापासून डावरीने ते डोक्यावर नेलं, वाटेत कुणाला हात लावू दिला नाही. त्या वर्षी ती घाटावर गेली नाही.

तेवढं एक वर्ष मला नीट आठवतं. ती आठवड्याच्या बाजाराला झबली आणि परकर घेऊन जायची आणि रिकाम्या टोपलीने परत यायची. मुलगी दिवाळीनंतर शाळेत बसली, होळीला बसली, परीक्षेला बसली. गुरुजींनी तिला दुसरीत घातलं. ती माझ्या खोलीच्या दाराशी येऊन मोठ्याने पुस्तक वाचायची, मला ऐकू यावं म्हणून. सरकारच्या तीन खात्यांनी चार वर्षांत जे केलं नाही ते एका अधू डोळ्यांच्या बाईने तेलाच्या दोन थेंबांत केलं.

मग पोळा झाल्यावर निरोप आला की विधिमंडळाची समिती जिल्ह्याच्या दौऱ्यावर येतेय. सरकारी योजनांवर खर्च होतो तो कामी लागतो का, एकच काम दोन-दोन खाती करतात का, ते आमदार स्वतः बघणार होते. आमचा पाडा त्यांनीच यादीत बोट ठेवून निवडला होता. तालुक्याच्या ऑफिसात एकच धावपळ उडाली. रस्त्यावर मुरूम पडला, दगडांना चुना लागला. पण खरी अडचण निराळीच होती. तिन्ही खात्यांचे साहेब एकाच वेळी येणार होते. पाटी लावायची तर कुठली?

विस्तार अधिकाऱ्यांनी रात न् दिवस डोकं चालवून तोडगा काढला. तीन ठिकाणी तीन केंद्रं मांडायची. शाळेच्या ओट्यावर हिरवं, समाजमंदिरात निळं, पोलीसपाटलाच्या पडवीत पिवळं. समिती पहिलं बघून चहाला बसली की बायकांनी मागच्या वाटेने दुसऱ्याकडे पळायचं, मशिनीही तशाच न्यायच्या. सगळं जमलं, अडलं ते पोलक्यावर. पोलकं एकच.

"कापा," ते म्हणाले.

"काय?"

"कापा हो बाई. पाठ एकीकडे, पुढचे भाग दुसरीकडे, बाह्या तिसरीकडे. चालू काम दिसलं की झालं."

मी कात्रीला हात लावला नाही. शेवटी डावरीने ते उसवून तीन वाटे केले. तिचं तोंड कडू झालं होतं. ती म्हणाली, "बाई, यांला येक पोलका सुद्धा आखा बघवत नाय."

समिती आली. सहा-सात गाड्या, धोतर-टोपीतले आमदार, सफारीतले आमदार, मागे साहेबांची रांग. त्यांत एक वयस्क बाई होत्या, आमदारच. जाड भिंगांचा चष्मा, सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी. बाकीचे मला प्रश्न विचारत होते आणि उत्तर साहेब देत होते. या बाई काही विचारत नव्हत्या. शाळेच्या ओट्यावर त्यांनी पाठीचा तुकडा उचलला, निरखला आणि पिशवीत टाकला. समाजमंदिरात पुढचे भाग उचलले. पोलीसपाटलाच्या पडवीत पोचल्या तेव्हा आमच्या बायकांना धाप लागलेली, कुणाच्या केसांत गवत अडकलेलं. बाईंनी तिथल्या बाह्या घेतल्या, मशीनच्या झाकणावर सगळे तुकडे मांडले आणि एकमेकांना लावून बघितले. गुलाबी पोलकं सगळ्यांच्या डोळ्यांसमोर तयार झालं.

बाईंनी पाठीचा तुकडा उजेडात धरला. कडेने भोकंच भोकं, कापडाची चाळण झालेली.

"हे किती वेळा उसवलंय?" त्यांनी डावरीलाच विचारलं. "आणि तुम्ही मघाशी शाळेतही होतात ना?"

डावरीने माझ्याकडे पाहिलं. मग सरळ त्यांच्याकडे पाहून म्हणाली, "जीप येती तवढ्या येळा उसवतो, बाय."

त्या बाई माझ्याकडे वळल्या. विस्तार अधिकारी डोळे वटारून बघत होते. मी त्यांच्याकडे पाठ केली आणि सगळं सांगितलं. पाट्यांचं, मशिनींचं, फोटोंचं, डावरीच्या तीन अंगठ्यांचं. समितीचे अध्यक्ष एका खुर्चीत बसून ऐकत होते, लघुलेखक भराभर लिहीत होता. चार वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी खरं विचारलं होतं आणि मला खरं सांगता आलं होतं.

"म्हणजे एवढ्या तीन योजनांतून मशीनवर पोट भरणारी एकही बाई नाही?" बाईंनी विचारलं.

"एक आहे," मी म्हणाले, आणि त्यांना डावरीच्या घरी घेऊन गेले.

दार बुटकं होतं. बाई वाकून आत आल्या, बाकीचे अंगणात राहिले. मशीनखाली एक झबलं अर्धं शिवून ठेवलेलं होतं. मी म्हणाले, "हे सरकारचं नाही. माझ्या आईचं आहे." बाईंनी बाभळीची मूठ हातात धरून दोनदा फिरवली. "छान केलंत," एवढंच त्या म्हणाल्या, आणि त्यांचा चष्मा ओला झाला असं मला वाटलं. बाहेर लघुलेखक झाडाच्या सावलीत उभा होता. त्याने वही मिटून काखेत धरली होती. मी ते पाहिलं. मला त्या घटकेला त्याचं काहीच वाटलं नाही. ही माझी चूक, आणि ती मी आजवर कुणापुढे कबूल केलेली नाही.

जाताना अध्यक्ष सगळ्यांसमक्ष साहेबांना म्हणाले, "एका पाड्यावर तीन-तीन योजना, हे यापुढे चालणार नाही. कुणाकुणाला दुबार लाभ दिलाय त्याचा छडा लावा आणि दीड महिन्यात आम्हाला लेखी कळवा." पोलक्याचे तुकडे पुरावा म्हणून फायलीत गेले. त्या दिवशी मी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

मला वेडीला वाटलं होतं की समितीच परत येईल, छडा लावेल. तसं नसतं. समिती प्रश्न विचारते आणि उत्तर लिहितं खातं, स्वतःबद्दल स्वतःच. ज्यांनी पाट्या फिरवल्या त्यांनाच कळवायचं होतं की पाट्या कुणी फिरवल्या. समितीला हवं होतं की काहीतरी केलेलं दिसावं, आणि खात्यांना हवं होतं की करावं लागू नये. दोघांचं जमेल असं पाड्यावर एकच होतं.

दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी जीप आली. एकच जीप, आणि तिच्यात तिन्ही खात्यांची माणसं मांडीला मांडी लावून बसलेली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते एकमेकांबरोबर आले होते. वर्गाकडे आलेच नाहीत, सरळ डावरीच्या अंगणात गेले. मी धावत पोचले तोवर पंचनामा अर्धा झाला होता.

"तीन याद्यांत नाव आहे आणि घरात मशीन आहे," विस्तार अधिकारी म्हणाले. "दुबार लाभ परत घ्यायचा असा समितीचाच आदेश आहे."

"ते माझ्या आईचं मशीन आहे! मी त्या दिवशी सगळ्यांदेखत सांगितलं!"

"समितीच्या टिपणात तसं काही नाही. पावती आहे?"

पावती! जुन्या बाजारात पालावर घेतलेल्या मशीनची पावती! मी त्यांना मूठ दाखवली. सरकारी मशीनला बाभळीची मूठ असते का हो, म्हणून विचारलं. तुमच्या मशीनवर नंबर असतो ना, यावर कुठे आहे तो दाखवा म्हटलं. पिवळ्या खात्याचा माणूस म्हणाला, "नंबर टाकायचा राहिला असेल." मी ओरडत होते, तोंडाला येईल ते बोलत होते. विस्तार अधिकाऱ्यांनी कागदावरून डोकं वर केलं आणि अगदी शांतपणे म्हणाले, "बाई, तुम्हीच तर त्यांना इथवर घेऊन आलात."

 

डावरीने मशीनखालचं झबलं काढलं, दोरा दाताने तोडला, बॉबिनीत उरलेला दोरा गुंडाळून ठेवला. त्यांनी मशीन उचलून जीपमध्ये टाकलं. ती घरात गेली, लाकडी झाकण घेऊन आली आणि त्यांच्या हातात दिलं.

"झाकन राह्यला," ती म्हणाली. "धूळ बसंल."

मी तालुक्याला खेटे घातले, नाशिकला साहेबांच्या दाराशी दिवसचे दिवस बसले. आमदार बाईंना पत्र लिहिलं. त्यांचं उत्तर आलं, की तुमचं पत्र मी योग्य कार्यवाहीसाठी संबंधित खात्याकडे पाठवलं आहे. संबंधित खातं म्हणजे तेच. आईला सांगायला माझी जीभ रेटेना. सांगितलं तेव्हा तिने सगळ्यांच्या सात पिढ्या काढल्या, आणि मग विचारलं, "त्या पोरीची शाळा?"

दिवाळीनंतर पाड्यावर ट्रक आला. मुकादम खाली उभा राहून माणसं चढवत होता. डावरी बोचकं घेऊन चढली. तिची मुलगी ट्रकमधून वाकून माझा पदर धरून राहिली.

"बाई, गुरुजींना सांगा, माना नाव नको काढू. मी येनार आहा परत. होळीला येनार."

मी हो म्हटलं. गुरुजींना सांगितलंही. ते चांगले होते, त्यांनी शक्य तितके दिवस कळ काढली. पण महिना उलटून गेला, शाळेची तपासणी लागली आणि नियमाप्रमाणे पटावरचं ते नाव त्यांना कमी करावं लागलं. डावरी होळीनंतर परतली ती एकटी. मुलीला बागेतच कुणाकडे तरी घरकामाला ठेवून आली होती.

त्याच सुमारास तिन्ही केंद्रांचं एक एकत्रित केंद्र झालं, तेही तालुक्याच्या गावी. त्याला मोठी तीन रंगांची पाटी केली. पाड्यावरचा वर्ग बंद झाला. अकरा बायकांपैकी एकही तिथवर रोज जाऊ शकत नव्हती. माझी बदली नाशिकला टपाल-नोंदीवर झाली, जिथे कुणा बाहेरच्याशी बोलायची वेळच येत नसे.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं तेव्हा ऑफिसचं एक कपाट रिकामं करताना समितीचा छापील अहवाल माझ्या हाती लागला. धूळ झटकून मी उभ्या उभ्या वाचला. आमच्या पाड्याला त्यात अर्धं पान होतं. तीन योजना एकाच ठिकाणी राबवल्या जात असल्याबद्दल समितीने तीव्र नापसंती व्यक्त केली होती. खाली खात्यांचं उत्तर होतं, की केंद्रांचं एकत्रीकरण पूर्ण झालं असून दुबार लाभार्थी महिलेकडील शिवणयंत्र परत घेण्यात आलं आहे. त्याखाली एक ओळ: समितीने याबाबत समाधान व्यक्त केले.

शेवटी परिशिष्ट होतं, प्रशिक्षित महिलांच्या याद्या. हिरव्या खात्याची, निळ्याची आणि पिवळ्याची. दुबार नावं शोधून काढायला निघालेल्या त्या समितीच्या अहवालात डावरीचं नाव तिन्ही याद्यांत पहिलं, स्वच्छ टायपात, जसंच्या तसं छापलेलं होतं. ते कुणीही कमी केलं नव्हतं. तिच्या मुलीचं नाव उभ्या जन्मात सरकारच्या एकाच यादीत आलं होतं, शाळेच्या पटावर. तेवढं कापलं गेलं.